बंपरच्या मागे काय आहे?

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्यांना रामाकोना माहीत असतं ते सिलेवानी घाटाच्या अलीकडचं गाव म्हणून. पांढुर्णा जिल्हा २०२३ साली वेगळा झाला, तेव्हा सौंसर तालुक्याबरोबर हे गावही छिंदवाड्यातून नव्या जिल्ह्यात आलं. भूगर्भशास्त्रज्ञांना मात्र त्याचं नाव वेगळ्या कारणानं पाठ आहे. रामाकोना ते बालाघाटकडच्या काटंगीपर्यंत ग्रॅन्युलाइट खडकांचा एक पट्टा जातो, आणि मध्य भारताच्या भूरचनेवरच्या शोधनिबंधांत तो ‘रामाकोना-काटंगी पट्टा’ म्हणूनच येतो. हे खडक जमिनीच्या पोटात फार खोल, प्रचंड उष्णतेत आणि दाबात तयार झाले आणि कालांतरानं वर आले. त्यांच्या शेजारच्या थरांना तर तालुक्याचंच नाव आहे: सौंसर समूह.

या सौंसर समूहाच्या पोटात मँगनीज आहे. लुईस फर्मोर या भूगर्भशास्त्रज्ञानं १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात काचीधाना, सीतापार अशी इथल्या गावांची नावं येतात. सीतापारवरून त्यानं एका खनिजाला ‘सीतापाराइट’ असं नावही देऊन टाकलं होतं. ते आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट निघालं आणि सीतापारचं नाव खनिजांच्या यादीतून पुसलं गेलं. खाणी मात्र राहिल्या. आज नागपूरला मुख्यालय असलेली सरकारी कंपनी मॉयल या साऱ्या पट्ट्यातून, नागपूर-भंडाऱ्यापासून बालाघाटपर्यंत, मँगनीज काढते.

त्याचा बंपरशी काय संबंध? सरळ संबंध आहे. लोखंडात गंधक राहिलं की तापवून घडवताना ते तडकतं. मँगनीज त्या गंधकाला धरून ठेवतं, शिवाय पोलादाला बळ देतं. म्हणून वेल्डिंगच्या दुकानात येणाऱ्या साध्या पत्र्यातही मँगनीज असतंच. बांधकामाच्या पोलादासाठी जे भारतीय मानक आहे, आयएस २०६२, त्यातल्या ‘ई २५०’ या सर्वांत रुळलेल्या प्रतीत दीड टक्क्यापर्यंत मँगनीज चालतं. सौंसर-पांढुर्ण्याच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी येणारा पत्रा बहुधा या जातीचा असतो. ‘२५०’ हा आकडा त्याच्या ताकदीचा आहे. एक चौरस मिलिमीटर छेदाला २५० न्यूटन, म्हणजे साधारण पंचवीस किलोचा भार, पेलून तो पुन्हा मूळ आकारात येतो. त्याहून जास्त ओढलं की तो कायमचा ताणला जातो.

आता गाडीकडे वळू. सातपुड्याच्या या उतरणीवर फोर बाय फोर गाडी हा निव्वळ शौक नसतो. पावसाळ्यात ओढा ओलांडून बागेपर्यंत जायचं, काळ्या चिकट मातीच्या पांदीतून संत्र्याचे क्रेट बाहेर काढायचे, पलीकडे तामिया-पातालकोटच्या चढांवर जायचं, तर चाकं चारही फिरायला हवीत. आणि रुतलेली गाडी ओढून काढायला पुढे काहीतरी भक्कम हवं. इथून मग पुढच्या लोखंडी बंपरचा विचार सुरू होतो.

इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली आहे गावोगाव ‘गार्ड’ म्हणून ओळखली जाणारी चकचकीत स्टेनलेस पाइपची जाळी. सुमो आणि बोलेरोच्या काळात ती गाडीबरोबर हटकून यायची. पाइप पातळ, पकड चार छोट्या बोल्टांची. तिचं काम शोभेचं. दुसरी गोष्ट कंपनीचा बंपर. बाहेरून दिसतं ते निव्वळ प्लास्टिकचं कातडं; त्याच्या मागे पोलादाची आडवी पट्टी, आणि ती ज्यांच्यावर बसते ते दोन आखूड डबे. हे डबे मुद्दाम चुरगळावेत असेच बनवलेले असतात. तिसरी गोष्ट म्हणजे चार-पाच मिलिमीटर जाड प्लेट कापून, वाकवून, जोडून चेसिसच्या दोन टोकांवर बसवलेला बंपर. हे प्रकरण त्याच्याविषयी आहे.

आधी त्या चुरगळणाऱ्या डब्यांचा हिशोब करून पाहू, कारण बंपर बनवणारे बहुतेक जण पहिला हात त्यांनाच घालतात.

सतराशे किलोची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळली तर तिच्यातली ऊर्जा सुमारे १६४ किलोज्यूल भरते. ती कुठेतरी खर्ची पडली पाहिजे. गाडीचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर दबून थांबला, तर आत बसलेल्याला गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट झटका बसतो. तीच गाडी ३० सेंटिमीटरमध्ये थांबली तर तेहतीस पट. सीटबेल्ट, एअरबॅग, बरगड्या, सगळ्यांना दुप्पट सोसावं लागतं. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात, त्यामागचं गणित हेच. चुरगळणारे डबे काढून टाकून जाड प्लेट थेट चेसिसला ठोकली की मागे न्यायला हातच उरत नाही. गाडीचा चेहरा शाबूत राहील. आतल्या माणसाचं तसं सांगता येत नाही.

एअरबॅगचा प्रश्न आणखी नाजूक. ती उघडायची की नाही हे ठरवणारा संगणक पुढच्या धडकेत गाडीचा वेग किती मिलिसेकंदांत कसा घसरतो हे पाहत असतो. कंपनी त्या घसरणीचा आलेख स्वतःच्या बंपरसह, खऱ्या गाड्या आदळवून, ठरवते. महिंद्राची थार २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ आणि मुलं या दोन्ही गटांत चार तारे घेऊन आली, ती कंपनीनं बसवलेल्या बंपरसह. पुढचं लोखंड बदललं की आलेख बदलतो. एअरबॅग उशिरा उघडेल, किंवा गाडी दगडावर नुसती टेकली तरी उघडेल. यातलं काय होईल हे वर्कशॉपमध्ये कुणालाच तपासता येत नाही.

ऑस्ट्रेलियात या प्रश्नावर खूप काम झालं, कारण तिथे कांगारू आहेत. मैलोनमैल गाव नाही, रात्रीच्या प्रवासात जनावर आडवं आलं आणि रेडिएटर फुटला की माणूस अडकला. म्हणून पुढे लोखंडी पहारा लावायची पद्धत तिथे रुजली. मेलबर्नला १९७५ मध्ये अँथनी रोनाल्ड ब्राऊन यांनी स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांनी काढलेली एआरबी ही कंपनी या धंद्यातलं मोठं नाव झाली. एअरबॅग आल्यावर त्यांना बंपर नव्यानं आखावे लागले: माउंटिंगमध्येच चुरगळणारा भाग ठेवायचा, म्हणजे कंपनीच्या डब्याचं काम तिथे व्हावं. पुढे ऑस्ट्रेलियानं अशा बंपरसाठी वेगळं मानकच काढलं.

आपल्याकडे कांगारूच्या जागी रोही. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या या भागात नीलगाईला रोहीच म्हणतात. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या पुढे जातो आणि त्याचे पाय लांब असतात. बंपर त्या पायांना लागतो. धड मात्र वरून बॉनेटवर, तिथून काचेकडे येतं. रानडुकरासाठी जड बंपर उपयोगी पडेल, रोह्यासाठी फारसा नाही. तिथे उपयोगी पडतो तो कमी वेग आणि चांगला दिवा.

मग जुन्या जीपना कसं चाललं? महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. तिचा पुढचा बंपर म्हणजे चेसिसच्या दोन टोकांना जोडलेला एक सरळ पोलादी चॅनल. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत तयार झालेली जोंगाही त्याच कुळातली. निसान पॅट्रोलवर बेतलेली ही लष्करी गाडी १९६९ पासून जवळजवळ तीन दशकं बनत राहिली, आणि तिच्या नावात जबलपूर दडलेलं आहे. या गाड्यांचे बंपर पाहून आजचे शौकीन उसासे टाकतात. पण त्या गाड्या सावकाश चालायच्या, त्यांत एअरबॅग नव्हत्या, आणि अपघातात माणसाचं काय होतं हे मोजायची पद्धतही तेव्हा आपल्याकडे नव्हती. बंपर ओढायला आणि ढकलायला होता, तेवढं काम तो उत्तम करायचा.

आणि ओढणं हेच लोखंडी बंपरचं खरं काम आहे. धडकेसाठी बंपर दबला पाहिजे, ओढण्यासाठी तो अजिबात हलता कामा नये. या दोन विरुद्ध मागण्या एकाच वस्तूकडून करायच्या, ही या कामातली खरी मेख.

किती ताकद लागते? अमेरिकी लष्कराच्या रिकव्हरीच्या पुस्तिकेत एक ढोबळ नियम आहे: गाडी चाकांपर्यंत रुतली तर तिच्या वजनाइतका ओढा लागतो, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. काळ्या मातीत अठराशे किलोची गाडी मडगार्डपर्यंत गेली की साडेतीन टनांचं काम होऊन बसतं. म्हणून या वजनाच्या गाड्यांना साडेनऊ हजार पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढणारी विंच (दोर ड्रमवर गुंडाळत ओढणारं यंत्र) लावायचा रिवाज आहे. हा आकडाही फसवा असतो. तो ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा आहे. दोर गुंडाळून थर वाढले की ओढ एक तृतीयांशाहून जास्त घटू शकते. अशा वेळी कप्पी लावून दोर दुहेरी करणं हाच शहाणपणा. वेग अर्धा होतो, जोर जवळजवळ दुप्पट.

बनवायला घेताना चांगला कारागीर आधी पत्रा कापत नाही. तो जुना बंपर उतरवतो आणि चेसिसची टोकं उघडी करून त्यांच्याकडे बराच वेळ पाहतो. तिथे किती भोकं आहेत, पत्रा किती जाड आहे, रेडिएटरपर्यंत किती जागा आहे, पुढच्या चाकाचा टायर पूर्ण वळल्यावर कुठे येतो. गाडीला शिडीसारखी स्वतंत्र चेसिस नसेल, डस्टरसारखी सगळी बॉडीच एकजीव असेल, तर त्यानं काम तिथेच नाकारावं हे बरं.

मग पुठ्ठा. टीव्हीच्या किंवा कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, चिकटपट्टीनं जोडून बंपरचा पूर्ण आकार गाडीवर लावून पाहायचा. चाकाच्या पुढच्या कडेपासून बंपरच्या खालच्या टोकापर्यंत जो कोन होतो, त्यावर गाडी किती उभ्या चढाला नाक न घासता भिडेल हे ठरतं. थारचा हा कोन सुमारे ४१ अंशांचा, पाच दारांच्या जिम्नीचा ३६. खाली चार बोटं जास्त उतरलेला बंपर ही सगळी कमाई घालवतो. म्हणून दोन्ही बाजूंची टोकं वर उचललेली असतात. ती ऐट नसून गरज आहे.

वजनाचा हिशोबही पुठ्ठ्यावरच करता येतो. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला ७.८५ किलो. पाच मिलिमीटर प्लेटचा १.७ मीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद एवढा नुसता पुढचा चेहरा सत्तावीस किलोंच्या आसपास जातो. त्यात माउंटिंग, विंचचा पाळणा, पाइप आणि खुद्द विंच मिळवली की ऐंशी किलो सहज भरतात. हे वजन पुढच्या अॅक्सलच्याही पुढे लटकतं. थारचा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर. बंपर अॅक्सलच्या सत्तर सेंटिमीटर पुढे धरला, तर ऐंशी किलोंचा पुढच्या चाकांवर येणारा भार होतो १०३ किलो, आणि मागची चाकं तेवीस किलोंनी हलकी होतात. स्प्रिंग बसतात, हेडलाइट खाली पाहू लागतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना मागची चाकं घसरू लागतात. तीन मिलिमीटरची प्लेट आतून पट्ट्या देऊन वापरली तर पाच मिलिमीटरच्या सपाट प्लेटपेक्षा ताठ होते आणि हलकीही. तरीही गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘जाड लावा’ असंच म्हणतं.

खरा कस माउंटिंगच्या दोन प्लेटांचा. विंच ज्या पाळण्यात बसते त्याची भोकं जगभर ठरलेली आहेत: २५४ मिलिमीटर बाय ११४.३ मिलिमीटर. त्या पाळण्यातून जोर सरळ माउंटिंगमध्ये आणि तिथून चेसिसच्या टोकात गेला पाहिजे. वाटेत कुठेही नुसत्या चेहऱ्याच्या प्लेटवर तो टांगला जाता कामा नये. शॅकल (दोर अडकवायचा पिनवाला यू आकाराचा आकडा) लावायच्या कड्यांचंही तसंच. पाऊण इंची शॅकल ४.७५ टनांपर्यंत काम करते आणि तिची पिन २२ मिलिमीटर जाड असते. तिच्यासाठीची जाड प्लेट चेहऱ्याला खाच पाडून आरपार मागे न्यायची आणि माउंटिंगला वेल्ड करायची. बाहेरून चेहऱ्यावर चिकटवलेलं कडं दिसतं झकास, पण ओढ बसली की आधी ते सोलून निघतं आणि मग दोरासकट गोळीसारखं कुणाच्या तरी दिशेनं जातं. ओढताना दोरावर ओलं पोतं टाकतात ते याच भीतीनं.

वेल्डिंगची ताकद बहुतेकांना वाटते त्याहून जास्त असते. पाच मिलिमीटर पायाचा, नीट भरलेला टाका दहा सेंटिमीटर लांब असला तर बांधकामाच्या नियमांनी तो सहा टनांहून अधिक भार घेतो. दोन्ही बाजूंना मिळून तसे कितीतरी टाके असतात. म्हणजे चांगला वेल्ड तुटत नाही. तुटतो तो वरून गुळगुळीत दिसणारा, आत न शिरलेला. दहा नंबरचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा रॉड घेऊन करंट कमी ठेवला की धातू नुसता वर बसतो. ग्राइंडर मारून तो चकचकीत केला की दोष कायमचा झाकला जातो. म्हणून जिथे ओढ येणार तिथले टाके घासू नयेत, खवलं खवलं दिसू द्यावीत. पाहणाऱ्याला तेवढं तरी वाचता येतं.

क्रमही महत्त्वाचा. लांब प्लेटला एका टोकापासून सलग वेल्ड मारत गेलं की आकुंचनानं ती केळ्यासारखी वाकते, मग बंपर बसतो पण बोल्टांची भोकं जुळत नाहीत. आधी सगळीकडे बिंदू-बिंदू टाके, मग गाडीवर लावून गुण्यानं तपासणी, मग उतरवून अँगलला शिकंज्यात आवळून आळीपाळीनं, थोडं इथे थोडं तिथे, पूर्ण वेल्डिंग. गाडीवरच टाके मारायची वेळ आली तर बॅटरीची ऋण बाजू आधी सोडायची आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी शेजारी लावायचा. नाहीतर करंट आपली वाट शोधत इंजिनच्या संगणकातून जातो.

उन्हाळा विसरून चालत नाही. नागपूर-सौंसरच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. विंच आणि जाड प्लेट रेडिएटरसमोर ठेवली की हवा अडते, आणि घाट चढताना एसी चालू असेल तर तापमानाचा काटा सरकायला लागतो. प्लेटमध्ये आडव्या खाचा पाडायच्या त्या यासाठी. काही नव्या गाड्यांत ग्रिलमागे रडार असतो; त्याच्यासमोर लोखंड आलं की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आंधळी होते.

इतकं सगळं नीट केलं तरी रस्त्यावर एक अडचण उरते, आणि ती मोठी आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीत असलेल्या रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात १८२अ हे कलम आलं. अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विम्याचा दावा अडण्याची शक्यता वेगळीच.

कायद्याबद्दलची चिडचिड समजण्यासारखी आहे, पण त्यामागचं कारण बाजाराच्या दिवशी रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं. कंपनीचं प्लास्टिक पायी चालणाऱ्याच्या पायाला लागून दबतं. पाच मिलिमीटरची उभी धार मोठ्या माणसाच्या मांडीला आणि लहान मुलाच्या थेट छातीला किंवा डोक्याला लागते. युरोपनं २००५ मध्ये गाडीपुढच्या अशा संरक्षक चौकटींवर चाचण्यांची सक्ती केली, ती पादचाऱ्यांसाठी.

लोखंडी बंपर जिथे शोभतो ते मैदान वेगळं आहे. गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये ऐन पावसाळ्यात चिखल, ओढे आणि उभ्या दरडींवर गाड्या विंचनं स्वतःला ओढत नेतात. ही स्पर्धा मूळची मलेशियातली, १९९७ पासूनची. तिथे वेग जवळपास शून्य असतो आणि समोर पादचारी नसतो. बंपर म्हणजे तिथे दोर बांधायची जागा, आणि त्याच नजरेनं तो बनवलेला असतो.

रोज रस्त्यावर धावणाऱ्या आणि अधूनमधून पांदीत रुतणाऱ्या गाडीसाठी एक मधला मार्ग आहे, पण त्यासाठी बंपरचा मोह सोडावा लागतो. कंपनीचा बंपर आणि त्यामागचे डबे जसेच्या तसे ठेवायचे. कंपनीनं चेसिसला दिलेले ओढण्याचे हूकच वापरायचे. ते अपुरे वाटले तर विंच गाडीला कायमची न जोडता हातानं चालवायची, तारेचा दोर खेचणारी हातकप्पी डिकीत ठेवायची. दीड-दोन टनांची अशी कप्पी शेताच्या कामालाही येते. तिच्याबरोबर झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, दोन शॅकल आणि एक फावडं. काळ्या मातीत चाकांपुढची माती फावड्यानं काढली की लागणारी ओढ निम्म्यावर येऊ शकते, आणि मग ट्रॅक्टरवाल्याला फोन करायचीही वेळ येत नाही.